भट्टीचे खत जांभ्या मातीला हवे, काळ्या मातीला नको

मराठवाड्यात खरिपाच्या पेरणीपूर्वीचे पंधरा दिवस डीएपीच्या, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट या खताच्या, गोणीभोवती फिरतात. गोणी मिळाली तरी अनेकदा ती एकटी मिळत नाही. तिच्यासोबत नको असलेले सूक्ष्म अन्नद्रव्यांचे पाकीट किंवा एखाद्या द्रवरूप खताची बाटली गळ्यात मारली जाते. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे, पण टंचाईचे मूळ त्याच्या दुकानात नाही. देशाला वर्षाला सुमारे १०० लाख टन डीएपी लागते, त्यातले निम्म्याहून अधिक तयार स्थितीत आयात होते आणि जे देशात बनते त्यासाठीचा खडक, फॉस्फरिक आम्ल, गंधक आणि अमोनिया यांच्यासाठीही आपण मोठ्या प्रमाणावर परदेशांकडे पाहतो. २०२१ मध्ये जागतिक किंमत भडकली तेव्हा गोणीची मूळ किंमत २,४०० रुपयांवर गेली होती, आणि केंद्र सरकारला गोणीमागचे अनुदान ५०० रुपयांवरून एकदम १,२०० रुपयांवर न्यावे लागले होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात चीनने फॉस्फेट खतांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, आणि तेव्हापासून आपली पेरणी दुसऱ्या देशांच्या निर्यात धोरणाशी अधिकच बांधली गेली.

या परिस्थितीत एक उपाय मांडला जातो: फॉस्फेटयुक्त खडक आम्लात विरघळवण्याऐवजी भट्टीत वितळवून खत बनवावे. त्याला गंधक लागत नाही, अमोनिया लागत नाही, हलक्या प्रतीचा देशी खडक चालतो. कागदावर हा उपाय उत्तम दिसतो आणि माझ्या मते देशासाठी तो खरोखरच करण्याजोगा आहे. परंतु तो ज्या सरसकट पद्धतीने मांडला जातो, ती मराठवाड्याच्या हिताची नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की मराठवाड्याने या खताची मागणी अवश्य करावी, मात्र ती स्वतःच्या शेतासाठी करू नये. कोकण, झारखंड, ओडिशा, आसाम, केरळ अशा आम्ल जमिनींसाठी हे खत बनले, तर तिथले डीएपी आणि सुपर फॉस्फेट मोकळे होईल. आणि ज्या जमिनींना पाण्यात विरघळणाऱ्या स्फुरदाला (फॉस्फरस या अन्नद्रव्याला) पर्याय नाही, त्यांच्याकडे ते वळवता येईल. मराठवाड्याची जमीन ही तशी जमीन आहे. हे का, ते समजून घ्यायचे तर आधी भट्टीत काय घडते ते पाहावे लागेल.

खाणीतून निघणाऱ्या फॉस्फेट खडकातले मुख्य खनिज म्हणजे फ्लोरॲपेटाइट. त्यात कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोरिन यांची स्फटिकरचना इतकी घट्ट असते की पाण्याचा तिच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. हा खडक दळून शेतात टाकला तर गोणीवर लिहिलेले स्फुरद मातीत असते, पण पिकाला मिळत नाही. १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी त्यावर गंधकाम्ल ओतून सुपर फॉस्फेट बनवण्याचे पेटंट घेतले आणि तिथून आम्लाचा मार्ग सुरू झाला. डीएपीसाठी याच मार्गाने पुढे जाऊन आधी फॉस्फरिक आम्ल काढले जाते आणि त्याचा अमोनियाशी संयोग घडवला जातो. या पद्धतीत आम्लातल्या प्रत्येक टन स्फुरदामागे सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम हा टाकाऊ पदार्थ मागे उरतो, आणि पारादीपपासून तुतिकोरिनपर्यंत किनाऱ्यावरच्या कारखान्यांशेजारी त्याचे डोंगर उभे आहेत.

भट्टीचा मार्ग वेगळा आहे. फॉस्फेट खडक आणि सर्पेंटाइन नावाचा मॅग्नेशियम व सिलिका असलेला दगड योग्य प्रमाणात मिसळून सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सियसला वितळवतात. या उष्णतेत ॲपेटाइटची जाळी मोडते, फ्लोरिनचा काही भाग वायूरूपात बाहेर पडतो आणि फॉस्फेट, चुना, मॅग्नेशियम व सिलिका यांचा एकजीव रस तयार होतो. खरी कसोटी यापुढची आहे. हा रस सावकाश निवू दिला तर त्यातून पुन्हा ॲपेटाइटचेच स्फटिक धरतात आणि सगळा खर्च वाया जातो; म्हणून तो भट्टीतून बाहेर येताक्षणीच पाण्याच्या जोरदार झोताने गोठवावा लागतो. साखरेचा पाक सावकाश ठेवला तर खडीसाखर होते आणि झटक्यात निववला तर काचेसारखा पारदर्शक राहतो, तसेच हे आहे. गोठलेल्या त्या काचेच्या कणांत फॉस्फेट असते, पण ते स्फटिकाच्या शिस्तीत बसलेले नसते, त्यामुळे सौम्य आम्लात ते सुटते. हे कण वाळवून, बारीक दळून जे खत बनते त्याला फ्यूज्ड मॅग्नेशियम फॉस्फेट म्हणतात. त्यात साधारण १८ ते २० टक्के स्फुरद, बारा टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम ऑक्साइड, भरपूर चुना आणि सिलिका असते.

भट्टीचे आणखी काही प्रकार आहेत. जर्मनीत सोडा राख आणि वाळू मिसळून फिरत्या भट्टीत सुमारे १,२५० अंशांवर खडक भाजून ‘ऱ्हेनानिया’ फॉस्फेट बनवले जात असे. अमेरिकेत टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने १९३० च्या दशकात मसल शोल्स येथे धरणाच्या विजेवर विद्युतभट्ट्या चालवून खडकातून मूलद्रव्य फॉस्फरस काढला आणि त्यापासून खते बनवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या पोलाद कारखान्यांची फॉस्फरसयुक्त धातुमळी दळून शेतात टाकली जात असे, तीही एका अर्थाने भट्टीचेच खत. परंतु आज मोठ्या प्रमाणावर टिकून आहे ते मॅग्नेशियमचे वितळवलेले खतच, आणि ते कुठे टिकले हे पाहणे उद्बोधक आहे: जपान, चीन, व्हिएतनाम, ब्राझील. या सर्व देशांत ज्या भागांत हे खत खपते तिथला पाऊस मुबलक, जमिनी आम्लधर्मी, आणि बऱ्याच ठिकाणी मुख्य पीक भात. ही यादी योगायोगाने तयार झालेली नाही.

भारतात या पद्धतीच्या बाजूने बोलणारी भूशास्त्रीय कारणे मात्र भक्कम आहेत. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ मध्ये फॉस्फेटचा साठा सापडला आणि तो आजही देशातला सर्वांत महत्त्वाचा साठा आहे. तिथला उच्च प्रतीचा खडक मर्यादित आहे. उरलेल्या मोठ्या भागात स्फुरद १५ ते २० टक्क्यांच्या आसपास आणि सोबत डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त चुना. आम्लाच्या कारखान्याला हे मॅग्नेशियम नकोसे असते, कारण ते आम्ल फुकट खाते आणि फॉस्फरिक आम्ल घट्ट व चिकट करते. त्यामुळे हा खडक आधी दळून, तरंगवून, शुद्ध करावा लागतो. भट्टीला मात्र मॅग्नेशियम हवेच असते. शिवाय त्याच उदयपूर जिल्ह्यात ऋषभदेव परिसरात सर्पेंटाइनचा खडक आहे, जो ‘हिरवा संगमरवर’ म्हणून फरशीसाठी कापला जातो आणि ज्याचे तुकडे व गाळ खाणींभोवती पडून असतात. एकाच जिल्ह्यात दोन्ही कच्चे माल असणे ही क्वचित मिळणारी सोय आहे.

मग खडक भट्टीत न घालता दळूनच आम्ल जमिनीत का टाकू नये, असा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ते झालेही आहे. मसुरीचा खडक ‘मसुरी फॉस’ या नावाने चहा, कॉफी आणि रबराच्या मळ्यांसाठी विकला जात असे. पण आपले बहुतेक खडक भूशास्त्रीयदृष्ट्या फार जुने आणि कमी क्रियाशील आहेत. ट्युनिशियातल्या गाफ्सा किंवा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या खडकासारखे ते मातीत सहज विरघळत नाहीत. वर्षानुवर्षे उभ्या असणाऱ्या मळ्यांना ही संथ गती चालते, चार महिन्यांच्या भाताला चालत नाही. देशी खडक वापरायचा असेल तर त्याची जाळी आम्लाने नाही तर उष्णतेने मोडावी लागणारच.

आता मराठवाड्याकडे येऊ. आपली माती बेसाल्टाच्या खडकापासून बनलेली, चिकण मातीने भरलेली, बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त. विहिरीच्या कडेला किंवा नाल्याच्या काठावर मातीचा छेद पाहिला तर पांढरे चुनखडीचे खडे डोळ्यांनी दिसतात. तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; सातच्या खाली आम्ल, वर विम्ल) साधारणपणे साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, काही ठिकाणी त्याहून अधिक. वितळवलेल्या फॉस्फेटची गुणवत्ता प्रयोगशाळेत कशी मोजतात हे इथे महत्त्वाचे ठरते: दोन टक्के सायट्रिक आम्लात त्यातले किती स्फुरद विरघळते, यावर. त्या द्रावणाचा सामू दोनच्या आसपास असतो. सामूचे माप लघुगणकी असल्याने, दोन आणि आठ यांच्यात आम्लतेचा फरक सुमारे दहा लाख पटींचा आहे. म्हणजे गोणीवर ‘उपलब्ध स्फुरद’ म्हणून जो आकडा छापला जाईल, तो आपल्या मातीत कधीही निर्माण न होणाऱ्या परिस्थितीत मोजलेला असेल. कोकणातल्या जांभ्या मातीत, जिथे सामू पाच-सहाच्या आसपास असतो, तिथे हा आकडा बऱ्याच अंशी खरा ठरेल. परभणी-लातूरच्या भारी जमिनीत तो कागदावर राहील.

याचे रसायन अवघड नाही. काचेचा कण विरघळतो तो मातीतल्या आम्लतेमुळे, आणि विरघळल्यावर सुटणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम दूर वाहून गेले तर विरघळणे चालू राहते. आपल्या जमिनीत आम्लता नाही आणि कॅल्शियम आधीच ठासून भरलेले आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी वाट बंद. उलट आम्ल जमिनीत हे खत स्फुरद देते, वर चुन्याचे काम करून थोडी आम्लता कमी करते, लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडतात त्याची तीव्रता घटवते, पावसाने धुऊन गेलेले मॅग्नेशियम भरून काढते आणि भाताला लागणारी सिलिका पुरवते. एकाच खताचे जे चार गुण तिथे आहेत, ते इथे निरुपयोगी आहेत. चुना आपल्याकडे आधीच जास्त आहे, मॅग्नेशियमही काळ्या मातीत सहसा पुरेसे असते.

यावर एक प्रतिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. डीएपीचे स्फुरदही चुनखडीच्या जमिनीत जखडले जातेच, घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस टक्के येते, मग पाण्यात विरघळणाऱ्या महागड्या खताचा आग्रह कशाला? हे खरे आहे, पण अर्धे खरे आहे. पाण्यात विरघळलेले स्फुरद जखडले जाण्याआधी काही दिवस, काही आठवडे मुळांच्या आवाक्यात असते, आणि ते चुन्याशी संयोग पावल्यावरही सुरुवातीला तुलनेने सुट्या रूपात राहते. सोयाबीनसारख्या शंभर दिवसांच्या पिकाला, ज्याच्या मुळ्या आणि गाठी पहिल्या महिन्यातच धरायच्या असतात, हाच काळ निर्णायक असतो. म्हणून तर खत फेकून देण्याऐवजी पेरणीच्या वेळी बियाण्याच्या खाली, थोडे बाजूला, पट्ट्यात द्यायला सांगतात. वितळवलेले फॉस्फेट याच्या अगदी उलट वागते: ते जितके बारीक दळावे आणि मातीत जितके पसरून मिसळावे, तितके बरे. तिफणीने किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने देण्याजोगे जाड दाणे केले की त्याची उरलीसुरली क्रियाशीलताही कमी होते.

दुसरा प्रतिवाद मी अधिक गांभीर्याने घेतो. सर्व पिके सारखी नाहीत. हरभऱ्याच्या मुळांतून सेंद्रिय आम्ले स्रवतात आणि मुळाभोवतीच्या पातळ थरात मातीचा सामू खाली आणतात. तुरीच्या मुळांबाबत हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत १९९० च्या सुमारास झालेल्या कामातून असे दिसले की तिचे स्राव लोहाशी जखडलेले स्फुरद सोडवू शकतात. तुरीचा तो गुण लाल मातीत उपयोगी, कारण काळ्या मातीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेले असते. पण हरभऱ्याचा दावा आपल्या जमिनीत तपासण्यासारखा निश्चित आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रब्बी हरभऱ्यावर असा प्रयोग हाती घेतला, तर त्याचा निकाल माझ्या विरोधात गेला तरी मला तो हवा आहे. मात्र एका पिकाच्या शक्यतेवर सोयाबीन, कापूस आणि उसाच्या संपूर्ण क्षेत्रासाठी धोरण ठरवता येणार नाही.

सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी भट्टीच्या समर्थकांच्या मांडणीत हटकून सुटते. त्यांच्या दृष्टीने या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिला गंधक लागत नाही. पण आपल्या पिकाला गंधक लागते. तेलबियांना ते विशेष लागते, आणि मराठवाड्यातल्या अनेक जमिनींत त्याची कमतरता आहे. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक येते; सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद सुपरमधून द्यायचे तर सुमारे ३७५ किलो खत पडते आणि त्यातून ४० किलोंच्या आसपास गंधक आपोआप मिळते. म्हणजे आम्लाच्या कारखान्यात जे गंधक ‘खर्ची पडले’ असे आपण म्हणतो, ते सुपरच्या बाबतीत पिकाच्या मुळाशीच पोचलेले असते. भट्टीच्या खताने वाचवलेले गंधक आपल्याला बाजारातून वेगळे विकत आणावे लागेल. एवढ्या एका कारणासाठीही मराठवाड्यात आम्लाचे खत, आणि त्यातही डीएपीपेक्षा सुपर, अधिक सयुक्तिक आहे. आपल्याकडे सुपरला ‘गरिबाचे खत’ समजून जी दुय्यम वागणूक मिळते, ती मातीच्या दृष्टीने अन्यायाची आहे, पण तो स्वतंत्र विषय.

खर्चाचा हिशोबही डोळ्यांआड करण्याजोगा नाही. विद्युतभट्टीत एक टन वितळवलेले फॉस्फेट बनवायला साधारण ८०० ते १,००० युनिट वीज लागते. मधला आकडा ९०० आणि युनिटचा दर आठ रुपये धरला, तर टनाला ७,२०० रुपये केवळ विजेचे होतात. खतात १८ टक्के स्फुरद असेल तर किलोमागे ४० रुपये. डीएपीच्या एका गोणीत २३ किलो स्फुरद असते. तेवढेच स्फुरद भट्टीतून काढायला ९२० रुपयांची वीज जळेल, आणि त्यात खडक, सर्पेंटाइन, दळण, मजुरी, व्याज, वाहतूक काहीही धरलेले नाही, डीएपीतले नऊ किलो नत्रही नाही. चीन आणि व्हिएतनामप्रमाणे झोतभट्टीत कोळसा किंवा कोक जाळून हा खर्च कमी करता येतो, पण मग धूर आणि कार्बनचा प्रश्न उभा राहतो. आणि विजेवर चालवली तरी देशातली सरासरी वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतेच. राजस्थानात सौरऊर्जा मुबलक आहे हे खरे, मात्र वितळलेल्या दगडाची भट्टी सूर्य मावळला म्हणून रोज बंद करता येत नाही. आत रस गोठला तर भट्टीच निकामी होते. या सगळ्यानंतरही, जागतिक किमती २०२१ सारख्या भडकतात तेव्हा हे खत परवडू शकते, आणि परकीय चलन वाचते ते वेगळे. म्हणूनच मी त्याला विरोध करत नाही. ते स्वस्त पडेल, हा समज मात्र कोणी पसरवू नये.

आता आपल्याकडच्या एका लाडक्या मागणीबद्दल. भट्टीचे खत म्हटले की कोणीतरी जालन्याचे नाव घेणार, हे ठरलेले आहे. जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, भट्ट्या आहेत, त्या चालवणारे कुशल कामगार आहेत; मग प्रकल्प तिथेच का नको? विकासाचा अनुशेष हा मराठवाड्याचा खरा आणि जुना प्रश्न आहे, परंतु प्रत्येक नव्या कारखान्याकडे अनुशेषाच्या नजरेने पाहण्याची सवय आपल्याला महागात पडते. जालन्यातल्या इंडक्शन भट्ट्या भंगारातले लोखंड वितळवतात, कारण धातूतून वीज खेळते आणि त्यातूनच उष्णता तयार होते. दगडात ती तशी खेळत नाही. फॉस्फेटसाठी कार्बनचे इलेक्ट्रोड रसात बुडवून चालवायची निराळीच भट्टी लागते. मराठवाड्याच्या भूगर्भात फॉस्फेटचा खडक नाही, सर्पेंटाइन नाही. उदयपूरहून दगड आणून, इथे महागडी वीज जाळून, जे खत इथल्या जमिनीला लागू पडत नाही ते बनवायचे आणि पुन्हा घाट उतरून कोकणात पाठवायचे, हा व्यवहार कोणत्याही हिशोबात बसत नाही. रस गोठवायला लागणारे पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते हे मान्य, तरी २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे विसरून नव्या भट्ट्या मागणे शहाणपणाचे नाही. कारखाना खाणीच्या तोंडाशीच हवा.

खाणीच्या तोंडाशी राहणाऱ्या लोकांचेही म्हणणे ऐकावे लागेल. भट्टीतून बाहेर पडणारे फ्लोरिनचे वायू पाण्याच्या व चुन्याच्या फवाऱ्यात पकडले नाहीत तर ते आसपासच्या पिकांवर, चाऱ्यावर आणि गुरांच्या दातांवर उतरतात. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात भूजलातल्या फ्लोराइडने काय केले आहे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. ऋषभदेवच्या सर्पेंटाइनच्या पट्ट्यात ॲस्बेस्टॉसचे तंतूही आढळतात; वितळल्यावर त्यांचा नाश होतो, पण दगड फोडताना आणि वाहताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते. फॉस्फोजिप्समचे डोंगर टळले म्हणून ही पद्धत निर्मळ ठरत नाही, फक्त तिचा मळ निराळ्या जागी निराळ्या रूपात साचतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अनुदानाच्या रचनेची. १ एप्रिल २०१० पासून फॉस्फेट व पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान मिळते. म्हणजे गोणीत किती किलो स्फुरद आहे, त्यावर रुपये ठरतात, आणि हा दर देशभर एकच असतो. मातीचा सामू त्यात कुठेच नाही. उद्या वितळवलेल्या फॉस्फेटला याच दराने अनुदान मिळाले तर उत्पादक ते कुठे विकेल? जिथे सपाट प्रदेश आहे, रेल्वेचे मालधक्के आहेत, खताची सवय आहे आणि मागणी मोठी आहे, तिथे. म्हणजे मराठवाडा, विदर्भ आणि माळवा. डोंगरातल्या झारखंडी किंवा कोकणी गावांपर्यंत ते नेण्याचे कष्ट कोण घेईल? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक गोणी डीएपीसोबत दोन गोण्या भट्टीचे खत घ्यावे लागेल, दुकानदार सांगेल की यातही स्फुरदच आहे, आणि तो खोटे बोलत नसेल. गोणीवरचा आकडाही खोटा नसेल. फक्त त्या स्फुरदाचा सोयाबीनला त्या हंगामात फारसा उपयोग होणार नाही, आणि दोष पावसावर किंवा बियाण्यावर जाईल.

म्हणून अशा खताला मान्यता देण्याआधीच काही अटी घालून घेतल्या पाहिजेत. त्याची अनुदानित विक्री ठरावीक सामूच्या खालच्या जमिनींच्या तालुक्यांपुरतीच असावी. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत सामूची मोजणी होतेच, तेव्हा माहिती नाही ही सबब चालणार नाही. गोणीवर स्फुरदाचा एक आकडा न छापता, पाण्यात विरघळणारे किती आणि केवळ आम्लात विरघळणारे किती, हे दोन आकडे सारख्याच मोठ्या अक्षरांत मराठीत छापावेत, आणि ‘चुनखडीयुक्त जमिनीसाठी नाही’ ही सूचनाही. शिवाय दापोली (कोकण) आणि परभणी येथील दोन कृषी विद्यापीठांनी एकाच घाण्यातले खत घेऊन, एकाच आराखड्याने, दापोलीत भातावर आणि परभणीत सोयाबीन व हरभऱ्यावर सलग तीन हंगाम चाचणी घ्यावी. एका विद्यापीठाचा चांगला निकाल दुसऱ्याच्या जमिनीवर लादण्याचा मोह त्यामुळे आपोआप आवरला जाईल. हलक्या खडकाचा दुसरा उपयोगही त्याच चाचणीत पाहता येईल: बारीक दळलेला खडक कंपोस्टमध्ये किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात) मुरवून, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसह वापरला तर चुनखडीच्या जमिनीत काय हाती लागते. भट्टीपेक्षा तो मार्ग स्वस्त आहे, पण त्याच्याबद्दलही दावे पुराव्यापेक्षा मोठेच होत आले आहेत.

कोकणात खताचा खप मुळात कमी आहे, हे मला ठाऊक आहे. केवळ रत्नागिरी-सिंधुदुर्गची गरज भट्टीतून भागवून मराठवाड्याच्या वाट्याला फार डीएपी येणार नाही. हिशोब देशपातळीवरच करावा लागेल, आणि तिथे तो मोठा आहे. भारतात साडेसहाहून कमी सामूची शेतजमीन सुमारे ४.९ कोटी हेक्टर असल्याचे मानले जाते. तिच्या थोड्या भागात जरी पाण्यात विरघळणाऱ्या खताची जागा या खताने घेतली, तरी आयातीवरचा ताण जाणवण्याइतका हलका होईल.

पण इथे एक अडचण उरते, आणि ती मराठवाड्याच्या सोयीसाठी दुसऱ्यांच्या अंगावर टाकून चालणार नाही. डीएपीच्या एका गोणीतले स्फुरद भट्टीच्या खतातून द्यायचे तर अडीच गोण्या लागतात. सपाट रानात, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर बांधापर्यंत जातो तिथे हे चालून जाईल. डोंगर उतारावरच्या भाताच्या खाचरात त्या गोण्या माणसाच्या डोक्यावरून जाव्या लागतात, आणि सव्वाशे किलोंच्या बदल्यात मिळणारे स्फुरद तेवीस किलोच असते. वर नत्र वेगळे विकत घ्यायचे. जांभ्या मातीचा शेतकरी हे खत घेईल ते गोणीची किंमत त्या ओझ्याच्या आणि वेगळ्या युरियाच्या प्रमाणात उतरलेली असेल तरच. खतांच्या वाहतुकीला केंद्र सरकार अनुदान देते; या खतासाठी ते रेल्वेच्या मालधक्क्यावर न थांबवता गावच्या सोसायटीच्या गोदामापर्यंत दिले पाहिजे. भट्टीच्या खर्चाचे अंदाज मांडताना हा शेवटच्या दहा-वीस किलोमीटरचा खर्च त्यात पहिल्यापासून धरला जावा, अशी मागणी मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनीच लावून धरावी, कारण मोकळ्या झालेल्या डीएपीचा फायदा शेवटी आपल्याच रानात येणार आहे.